गुडघ्यावरची फुली

किन्हीराजाकडच्या त्या वस्तीत दोन वर्षं ललिताबाईचं नाव कोणी धड घेतलं नाही. सगळे तिला ‘खुर्चीवाली’ म्हणत. लाल प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक हात मोडलेला, तो तारेनं आवळून बांधलेला. बाई जाईल तिथं खुर्ची काखेत. हळदीकुंकवाला खुर्ची, बारशाला खुर्ची. शेजारचा म्हातारा वारला तेव्हा बाया ओसरीत खाली बसून गळ्यात गळे घालून रडत होत्या आणि ही मध्ये खुर्चीवर, एकटी, उंच. रडायला वाकावं तर कोणाचा गळा हाताला लागेना.

घरी आल्यावर तिची सासू कस्तुराबाई म्हणाली, “मेलेल्याच्या बायकोपेक्षा उंच बसली व तू. सरपंचीन वाटून राह्यली होती.”

“मंग काय उभी राहू का आत्याबाई? खाली बसली तं उठवाले चार जन लागतात.”

“आमच्या बी गुडघ्यायचं पीठ झालं, पन आमी नाही बसलो कधी खुर्चीत.”

हे खरं होतं. कस्तुराबाईचे दोन्ही गुडघे पार झिजलेले. बसताना “माय व”, उठताना “बापा रे”. पण बसायची खालीच.

ललिताबाईचं वय एक्केचाळीस. हात गोडंबीचे. म्हणजे बिबे फोडून आतली गोडंबी काढायची, ही तिची वीस वर्षांची कमाई. अंगणात दगड मांडायचा, एक पाय दुमडून खाली घ्यायचा, दुसरा गुडघा उभा ठेवायचा, हाताला राख चोळायची आणि एकेक बिबा दगडावर उभा धरून हातोडीनं नेमका ठोका द्यायचा. ठोका हुकला तर बिब्याचं काळं तेल उडतं आणि जिथं पडेल तिथं कातडं फुगतं. त्याला बिबा उतणं म्हणतात. नव्या सुना पहिल्या वर्षी रडत. ललिताबाईला मात्र आताशा काही होत नसे. काळे, निबर तळहात ती अभिमानानं दाखवायची. “मले बिबा उतत नाही. बिबाच मले भेते.”

या कामाला बसणं लागतं. खुर्चीवर बसून बिबा फुटत नाही. दगड टेबलावर ठेवून पाहिला, टेबल डुगडुगलं आणि बिबा उडाला तो थेट नवऱ्याच्या, किशनच्या, चहात.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत ती डोक्यावर गाठोडं घेऊन शेताच्या धुऱ्यावरून येत होती. ओल्या मातीवर पाय सरकला, गाठोडं एकीकडे गेलं, अंग दुसरीकडे, आणि उजवा गुडघा मधेच पिळला. आत ‘कट्’ वाजलं. सूज उतरली, पण तेव्हापासून गुडघा मधेच अडके. वाशिमला फोटो काढला, हाड साबूत. कोणी तेल दिलं, कोणी पट्टा दिला, कोणी म्हणालं, वय झालं. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं मोठ्या मशीनमधला फोटो, एमआरआय, काढायला लावला आणि चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या त्या इस्पितळात डॉक्टर संघदीप भेटले. माणूस इकडचाच. पेशंट वऱ्हाडी बोलला की तेही सरळ वऱ्हाडीत उतरत. ते म्हणाले, “ताई, कोंबडीची तंगडी खाता ना? हाडाच्या टोकाले पांढरं, गुयगुयीत, कुरकुरं असते ना, तसंच आपल्या बी हाडाले असते. तिले कूर्चा म्हनतात. तुमच्या कूर्चेचा रुपयायेवढा टवका उडाला. बाकी गुडघा नवाकोरा हाये. पन कूर्चा आपल्या मनानं भरून येत नाही. चामडी भरते, हाड भरते, हे नाही भरत.”

“मंग?”

“मंग एक नवं काम चालू हाये अठी. अजून शिकून राह्यलो आमी. पक्कं होईनच, असं मी म्हननार नाही.”

काम ऐकून किशन डोळे बारीक करून बसला. तिच्याच गुडघ्याच्या कोपऱ्यातून, जिथं वजन पडत नाही तिथून, तांदळाच्या दाण्याएवढी कूर्चा काढायची. तिच्यातल्या पेशी सुट्या करून वाढवायच्या. मग त्या एका चिकट खिरीत मिसळून मशीननं थरावर थर देत, खड्ड्याच्या अचूक मापाचा तुकडा छापायचा आणि तो खड्ड्यात बसवायचा. आतापर्यंत चौदा जणांचं केलं होतं.

“छापायचा?” किशन म्हणाला. “लग्नाच्या पत्रिकेसारखा?”

कस्तुराबाईही सोबत होती. तिनं लगेच लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. “डाक्टर, माहे बी दोन छापून टाका मंग. यका खेपेतच होऊन जाईन.”

डॉक्टर हसले. “आजी, सुनेच्या रस्त्यात यक खड्डा पडला हाये. तुमचा तं रस्ताच वाहून गेला. खड्डा भरता येते, रस्ता नाही छापता येत अजून.”

“म्हंजे माहं नशीब आपल्या मालेगावच्या रोडासारखंच,” असं म्हणून आजीनं लुगडं खाली केलं.

ललिताबाईनं एकच विचारलं. “साहेब, खाली बसता येईन का?”

“त्याच्यासाठीच तं करून राह्यलो.”

तिनं अंगठा नाही, सही केली.

दुर्बिणीतून कूर्चेचा तो दाणा काढला. पाच आठवड्यांनी तपासणीला बोलावलं तेव्हा प्रयोगशाळेतली रुचिका तिला काचेपलीकडचं मशीन दाखवायला घेऊन गेली. चुणचुणीत पोरगी, नाकावर चष्मा, डोक्यावर कापडी टोपी. काचेआड एक बारीक नळी खालीवर, इकडेतिकडे फिरत होती आणि तिच्या टोकातून केसासारखी तार खाली पडत होती. आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी.

ललिताबाई काचेला नाक लावून बघत राहिली. “हे तं सोऱ्या हाये व! कुरड्या पाडून राह्यल्या तुमी.”

रुचिका हसली. “सोऱ्याच समजा काकू. पण पीठ तुमच्या घरचं आहे. आत्ता पडतंय ते तुमचंच.”

ललिताबाईचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. एवढीशी ती चकती, पांढुरकी, ओली. नुसती माणसाच्या हातानं केलेली वस्तू असती तर तिला काही वाटलं नसतं. पण ती जिवंत होती, तिच्यातली होती आणि तिच्याबाहेर होती.

छापलेली चकती दोन आठवडे उबेच्या कपाटात मुरणार होती. मग एका शुक्रवारी सकाळी बाहेर काढून लगेच बसवायची. रुचिकानं बजावलं होतं, “कपाटात ती फार दिवस ठेवता येत नाही काकू. ठरलेली तारीख चुकवू नका.”

त्या दोन आठवड्यांत ललिताबाईनं रुचिकाला चार फोन केले. “कशी हाये वं थे?”

“मजेत आहे काकू.”

“गार तं नाही ना लागत?”

किशन म्हणायचा, “बाळंतपनाले गेलेल्या पोरीची बी येवढी चवकशी नाही केली तू.”

सगळं सुरळीत चाललं होतं. ग्यानबा आला नसता तर सुरळीतच झालं असतं.

ग्यानबा म्हणजे गल्लीतला रिकामा माणूस. मंगळवारी सकाळी तो चहाला टेकला आणि गोष्ट सांगून गेला. “दुखत होता डावा आन् कापला उजवा. मानूस बेहोश, सांगन कोन?”

“कोनत्या गावचं हे?” कस्तुराबाईनं विचारलं.

“गाव याद नाही मले. पन झालेलं हाये.”

ग्यानबा गेला, गोष्ट मागं राहिली. ललिताबाईनं किशनकडून पेनानं उजव्या गुडघ्यावर फुली काढून घेतली. पण इस्पितळानं रोज लाल औषधाच्या पाण्यानं अंघोळ करायला सांगितलं होतं. एका अंघोळीत फुली गेली. बुधवारी सकाळी निघायचं होतं, शुक्रवारपर्यंत आणखी तीन अंघोळी. आणि अंघोळीनं न जाणारी खूण वीस वर्षं तिच्या हाताशीच होती.

त्या घरात प्रत्येक वस्तूवर बिब्याची फुली होती. बारदान्यावर, गोधडीवर, लग्नात लोकांकडे जाणाऱ्या चादरींवर. धुऊन धुऊन कापड फाटतं, फुली जात नाही. दुपारी घरात कोणी नसताना तिनं एक चांगला रसरशीत बिबा घेतला, दाभण टोचलं, चुलीच्या धगीवर जरा धरला आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीवर दोन काळ्या रेघा ओढल्या. ठळक, तुरीच्या शेंगेएवढ्या. वर फुंकर मारली. आता कोणी आंधळा आला तरी चुकायचा नाही. मले बिबा उतत नाही, हे तिला पाठच होतं.

पण निबर होते ते तळहात. गुडघ्याच्या वरच्या कातडीनं वीस वर्षं लुगड्याच्या आड ऊनसुद्धा पाहिलं नव्हतं.

बुधवारी भरती झाली तेव्हा नुसती खाज होती. नर्सनं विचारलं तर म्हणाली, डास चावला. गुरुवारी सकाळी गुडघा टम्म झाला, फुलीच्या दोन्ही रेघांवर पाण्याचे फोड उभे राहिले आणि एक फुटून वाहू लागला. ती चादर गळ्यापर्यंत ओढून पडून राहिली. तिला सगळं कळलं होतं. दुसऱ्या कोणाला न कळो, एवढंच ती मनात घोकत होती.

दहा वाजता डॉक्टर आले. चादर बाजूला झाली.

“हे काय ताई? भाजलं?”

“डास...”

“हा डास फुली काढते काय?”

मग तिनं सांगितलं. पेन, ग्यानबा, लाल पाणी, दाभण. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी खिशातून एक जाड निळा पेन काढून तिच्यासमोर धरला.

“ताई, फुली आमी बी मारतो. ऑपरेशनच्या दिवशी, पेशंट जागा असताना, त्यालेच इचारून. हा पेन त्याच्यासाठीच असते. तुमी काहून हा उद्योग केला?”

किशन कोपऱ्यातून म्हणाला, “चांगल्या कामात बिबा घालने म्हनतात, हिनं तं खराखुराच आनून घातला!” आणि बायकोचं तोंड पाहून चहा आणायला निघाला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. उघड्या जखमेशेजारी सांधा खोलला आणि घाण आत गेली तर आहे तो गुडघाही जाईल. फोड वाळून कातडी स्वच्छ व्हायला तीन आठवडे तरी लागतील. उद्याचं रद्द.

“आन् थे?” ललिताबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवला. “थे तीन आठवडे थांबत नाही.”

ते गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. खुर्चीचं तिला एवढं वाटत नव्हतं. दोन वर्षं काढली, अजून वीस काढली असती. पण काचेआड उबेला ठेवलेली ती चकती तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपलीच, आणि आपणच आपल्या हातानं मारली. तेही ज्या कामाच्या जोरावर आजवर मान वर केली त्याच कामाच्या तेलानं. किशननं आणलेला चहा गार झाला. “पेय ना संस्कृतीच्या माय,” तो दोनदा म्हणाला. पोरीच्या नावानं तो तिला फक्त फार मऊ झाला की हाक मारायचा.

दुपारी रुचिका वॉर्डात आली. ललिताबाई उठून बसली आणि तिचा हातच धरला.

“मेली का वं थे?”

“नाही अजून. काकू, ऐका...”

“माह्यानं मेली. सांग ना खरं.”

“अहो, ऐकून तर घ्या! ती चकती आता बसवता येणार नाही, हे खरं. तिची आम्ही तपासणी करू, ती वाया नाही जात. पण सगळ्या पेशी आम्ही छापल्याच नव्हत्या. निम्म्या राखून ठेवल्यात.”

ललिताबाईची पकड सैल झाली.

“तुम्ही सगळं बियाणं एकदाच पेरता का?” रुचिका म्हणाली. “पहिली पेरणी बिघडली तर दुबारला ठेवता ना थोडं?”

“कुठी हाये थे बियानं?” किशन पुढं सरकला.

“खाली, टाकीत. बर्फाच्या कितीतरी पट गार असते ती. झाकण उघडलं की धूर निघतो.”

किशननं मांडीवर थाप मारली. “अरे बापा! म्हंजे जनावराच्या डाक्टरची टाकी! गाय गाभन कराले बीज आनते तशी!”

रुचिकाला एवढं हसू आलं की चष्मा काढावा लागला. शेजारच्या खाटेवरची बाई हसली, तिची मुलगी हसली. ललिताबाई आधी रडली, मग रडता रडता हसायला लागली, आणि ते हसू थांबेचना. छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं. गार झालेला चहा तिनं एका घोटात संपवला आणि म्हणाली, “साखर कमी हाये.”

“आठ आठवडे लागतील काकू. वाढवायच्या, छापायच्या, मुरवायच्या. आणि तोवर...”

“तोवर बिब्याले हात नाही लावत. ग्यानबाले बी अंगनात येऊ नाही देत.”

दहा दिवसांनी फोन आला. पहिल्या चकतीची तपासणी झाली होती. रुचिका म्हणाली, “काकू, तुमच्या पेशी फार चिवट आहेत. असं पीक आम्हाला कमी वेळा मिळतं.” हे ललिताबाईनं वस्तीतल्या तिन्ही गल्ल्यांत सांगितलं.

फोड वाळले, कातडी आली, पण फुली राहिली. तपकिरी, पुसट, कायमची. आठ आठवड्यांनी ऑपरेशनच्या टेबलाकडे नेण्याआधी डॉक्टर संघदीपांनी निळा पेन काढला. “कोनता पाय ताई?”

“वाचता येत नाही का साहेब?” ती म्हणाली. “लेहून ठेवलं हाये.”

नंतरचे महिने काही गोष्टीतल्यासारखे नव्हते. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, दोन कुबड्या. मग जरा टेकव, मग अर्धा वाक, भिंतीला पाठ लावून खाली सरक, पण अर्ध्यावरच थांब. ती रोज तिथं थांबायची आणि दारातून दगडाकडे बघायची. दगडावर कोंबड्या बसत होत्या. कस्तुराबाई ओसरीतून ओरडायची, “अजून खाली! अजून! भेते काय?” आणि व्यायाम करणाऱ्या सुनेपेक्षा तिलाच जास्त घाम यायचा.

दहाव्या महिन्यात पुन्हा मोठ्या मशीनचा फोटो निघाला. डॉक्टरांनी आधीचा आणि आताचा शेजारी शेजारी लावला. आधीच्यात काळा खळगा होता. आताच्यात तो भरलेला आणि कडा कडेला मिळालेल्या.

“सगळ्यायचं असं होत नाही ताई. आतापर्यंत दोघायचं धरलं नाही. तुमचं धरलं. पुढं किती वर्षं टिकन, थे आमी बी पाहूनच राह्यलो. दिवसभर बसून बिबे फोडाचे नाहीत, अर्ध्या घंट्यानं उठाचं. पन बसा आता. पूर्न खाली. अठीच बसून दाखवता का?”

ललिताबाईनं फरशीकडे पाहिलं. “नाही साहेब. घरी बसतो.”

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. कस्तुराबाई अंगणातच होती. किशननं दगडावरच्या कोंबड्या हाकलल्या आणि पोतं अंथरलं. मग तो हात पुढं करून उभा राहिला.

“सरका तिकडं,” ललिताबाई म्हणाली. “बसाले काय बँडबाजा पाह्यजे?”

ती वाकली. अर्ध्यावर, नेहमीच्या जागी, थांबली. कान देऊन ऐकलं. आत काही वाजलं नाही. मग श्वास सोडला आणि सरळ खाली गेली. एक पाय दुमडला, उजवा गुडघा उभा राहिला. दगड समोर, बरोब्बर हाताच्या अंतरावर. लुगडं सरकून पुसट फुली दिसत होती. तिनं ती झाकली नाही.

किशन तोंड फिरवून कोंबड्यांना उगाचच हाकलत होता. त्या केव्हाच गेल्या होत्या.

“दुखून राह्यलं का?” कस्तुराबाईनं विचारलं.

“नाही.”

“खरं सांग.”

“माय शपथ नाही, आत्याबाई.”

म्हातारीनं मान हलवली. मग भिंतीला टेकवलेली लाल खुर्ची तिनं ओढत ओढत अंगणाच्या मधोमध आणली, तारेनं बांधलेला हात दोनदा हलवून पाहिला आणि हळूच तिच्यात बसली. ना “माय व”, ना “बापा रे”. जरा इकडं सरकली, जरा तिकडं. पाठ टेकवली. चेहरा सैल झाला.

“काय व, आत्याबाई,” खालून ललिताबाई म्हणाली, “सरपंचीन वाटून राह्यल्या तुमी.”

“वाटू दे,” कस्तुराबाईनं डोळे मिटले. “तुह्यं काम झालं ना? मंग खुर्ची आता माही.”